'बर्ड'चं जर्मन करताना: शब्द, लिंग आणि वाक्प्रचार न चुकण्याची पायरीवार पद्धत

इंग्रजी 'बर्ड' म्हणजे जर्मन 'फोगल', हे पहिल्या महिन्यातच पाठ होतं. चुका सुरू होतात त्यानंतर. मुंबई-पुण्यात जर्मन शिकणारे बहुतेक मराठी विद्यार्थी इंग्रजीच्या पुलावरून जर्मनकडे जातात. डोक्यात 'अर्ली बर्ड' येतं आणि कागदावर त्याचा शब्दशः अवतार उतरतो. वाचणाऱ्या जर्मन माणसाला प्रत्येक शब्द कळतो, पण म्हणायचं काय आहे ते कळत नाही. काही वेळा तर भलतंच कळतं: पक्षीनिरीक्षणाचा छंद सांगायला जावं आणि तोंडून शिवी निघावी, असं या एका शब्दात खरोखर घडतं.

खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. अर्थ नक्की होण्याआधी कोश उघडला की पहिला दिसेल तो शब्द उचलला जातो, आणि तिथेच निम्म्या चुका होतात.

उच्चारांबद्दल एवढंच लक्षात ठेवा. जर्मन शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत, त्यामुळे ते जवळपासचे आहेत. 'फोगल'मधलं पहिलं अक्षर इंग्रजी व्हीसारखं दिसतं, पण उच्चार 'फ', तोही 'फॅन'मधला, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून. 'फळ' म्हणताना दोन्ही ओठ मिटतात तसा नको. 'फो' लांब ओढायचा आणि शेवटचा 'ल' जवळजवळ स्वराशिवाय. अनेकवचनातला 'फ्यो' म्हणजे ओवर दोन टिंबं. त्यासाठी जीभ 'ए'च्या जागी ठेवा, ओठ 'ओ'सारखे गोल करा आणि आवाज काढा. त्यात 'य' मुळीच ऐकू येता कामा नये. देवनागरीला तो स्वर नाही म्हणून 'य' लिहावा लागला आहे.

## तयारी: हाताशी काय हवं

दोन प्रकारचे कोश लागतात. पहिला द्वैभाषिक, उदाहरणार्थ लेओ किंवा पॉन्स. दुसरा जर्मन-जर्मन: डूडन किंवा डेव्हेडेएस. हे दोन्ही इंटरनेटवर फुकट वापरता येतात. द्वैभाषिक कोश पर्याय सुचवतो, निवाडा जर्मन-जर्मन कोशाकडूनच घ्यायचा. डूडनमध्ये नोंदीत 'वेंडुंगन, रेडन्सआर्टन, श्प्रिशव्योर्टर' असा भाग असतो. वाक्प्रचार आणि म्हणी तिथे मिळतात. बरेच जण वरचा अर्थ वाचून पान बंद करतात, म्हणून हा भाग त्यांना दिसतच नाही.

कोशातले पाच शेरे आधीच ओळखीचे करून घ्या:

- उम्गांग्सश्प्राखलिश: बोलण्यातलं, अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात नको
- आप्वेर्टंट: हिणवणारं
- डेर्प: शिवराळ
- शेर्ट्सहाफ्ट: थट्टेतलं
- फेरआल्टेट: वापरातून गेलेलं

वहीत पाच रकाने आखा: मराठी अर्थ, आर्टिकलसह (डेअर, डी किंवा डास) जर्मन शब्द, अनेकवचन, एक पूर्ण वाक्य, आणि शेरा. पाचवा रकाना रिकामा ठेवू नका. पुढची अडचण बहुतेक वेळा तिथूनच येते.

## पायरी 1: इंग्रजी वाक्याचा अर्थ मराठीत लिहा

एका ओळीत, स्वतःच्या बोलीत. 'बर्ड' शब्दाचं भाषांतर नको, वाक्यात काय चाललंय ते लिहा. इंग्रजीत हा एकच शब्द पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी वापरतात:

- झाडावरचा जिवंत पक्षी: डेअर फोगल
- खाण्याचं कोंबडी-बदक-टर्की: डास गेफ्ल्यूगल
- बॅडमिंटनचं फूल: डेअर फेडरबाल
- मधलं बोट दाखवण्याचा हावभाव: डेअर श्टिंकेफिंगर
- ब्रिटिश बोलीतली 'पोरगी': जर्मनमध्ये इथे फोगल चालत नाही, साधं 'फ्राउ' किंवा 'मेड्शन' लिहा
- विक्षिप्त माणूस: इथे मात्र फोगल चालतो, 'आयन कोमिशर फोगल'

मराठी अर्थ लिहिला की इंग्रजी वाक्य झाका. 'ही ईट्स लाइक अ बर्ड' याचा अर्थ 'तो चिमणीएवढं खातो'. जर्मनमध्येही चिमणीच आहे: 'एर इस्ट वी आयन श्पात्स'. इंग्रजीत नुसता पक्षी आहे, मराठी आणि जर्मन दोन्हींत तो चिमणी आहे. मराठीवरून गेलात तर थेट पोचता.

तपासणी: लिहिलेल्या मराठी वाक्यात खरा पक्षी आहे का? असेल तर पायरी 2. नसेल तर ते वाक्प्रचाराचं काम आहे, थेट पायरी 5 वर जा.

## पायरी 2: मूळ शब्द निवडा

जिवंत पक्ष्यांसाठी 'फोगल'. लहानग्यासाठी, लाडाने किंवा गोष्टीत 'फ्योगेल्शन'. खाण्यासाठी 'गेफ्ल्यूगल', जो समूहवाचक आहे आणि एकवचनातच वापरतात. दुकानात 'गेफ्ल्यूगलझालामी' दिसली तर ती कोंबडी किंवा टर्कीची, डुकराची नसते असं मानायची घाई मात्र करू नका: काही प्रकारांत डुकराची चरबी मिसळलेली असते. खाण्याचं बंधन पाळणाऱ्यांनी घटकांची यादी वाचायलाच हवी.

कोंबडीपाशी हमखास घोटाळा होतो. जिवंत प्राणी 'डास हून', नर 'डेअर हान', मादी 'डी हेने'. ताटातली 'डास हेन्शन', आणि पाकिटावर 'हेन्शनब्रुस्ट' असं छापलेलं असतं. ऑस्ट्रियात 'हेंडल' ऐकू येईल, स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंचमधून आलेलं 'पूले'.

जातीचं नाव माहीत असेल तर तेच वापरा. जर्मन माणूस खिडकीतल्या पक्ष्याला सहसा नुसतं फोगल म्हणत नाही. तो मायझे (टिट), आम्झेल (ब्लॅकबर्ड) किंवा श्पात्स (चिमणी) असतो. इथे चार सापळे आहेत:

- क्रौंच म्हणजे 'क्रानिश', बांधकामाची क्रेन म्हणजे 'क्रान'. इंग्रजीत शब्द एकच असल्याने यांची अदलाबदल होते.
- शहामृग 'श्ट्राउस', अनेकवचन 'श्ट्राउसे'. फुलांचा गुच्छही 'श्ट्राउस', पण त्याचं अनेकवचन 'श्ट्रॉयसे'. वाढदिवसाला 'त्स्वाय श्ट्राउसे' आणतो म्हणालात, तर दोन शहामृग घेऊन येताय.
- 'हान' म्हणजे नळाची तोटीसुद्धा. घरमालक 'डेअर हान ट्रोप्फ्ट' म्हणाला तर नळ गळतोय.
- 'एन्टे' म्हणजे बदक, आणि वर्तमानपत्रातली खोटी बातमीही.

## पायरी 3: लिंग, अनेकवचन, विभक्ती

इथे मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा सोपं आहे. आपल्याकडे तीन लिंगं आहेत आणि 'पक्षी'चं 'पक्ष्याला' करायची सवयही आहे. जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत, विभक्तीत आर्टिकल बदलतं.

'फोगल' पुल्लिंगी आहे, आपल्या पक्ष्यासारखाच. 'फ्योगेल्शन' नपुंसकलिंगी, आपल्या पाखरासारखं. 'शन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, मूळ लिंग कुठलंही असो.

रूपं अशी:

- कर्ता: डेअर फोगल, अनेकवचन डी फ्योगल
- कर्म: डेन फोगल, अनेकवचन डी फ्योगल
- चतुर्थीसारखं डाटीफ: डेम फोगल, अनेकवचन डेन फ्योगल्न
- षष्ठीसारखं गेनिटीफ: डेस फोगल्स, अनेकवचन डेअर फ्योगल

अनेकवचनाला शेवटी काहीच लागत नाही, फक्त आतला स्वर बदलतो. त्यामुळे 'फोगल्स' असं इंग्रजी पद्धतीचं अनेकवचन केलं तर ते षष्ठीचं रूप होतं. डाटीफ अनेकवचनातला 'न' सर्वांत जास्त वेळा राहतो: 'मिट डेन फ्योगल' चूक, 'मिट डेन फ्योगल्न' बरोबर.

काही पक्ष्यांची नावं कर्ता सोडून इतर विभक्तींत 'न' घेतात. 'राबे' म्हणजे रॅव्हन, कावळ्याच्या कुळातला मोठा काळा पक्षी. 'इश झेए डेन राबन', इथे 'डेन राबे' चालत नाही. 'फिंक'चंही तसंच. 'श्पात्स'ला मात्र दोन्ही रूपं चालतात.

> सावधान: 'फ्योगल्न' या आवाजाचा दुसरा शब्द आहे, तो क्रियापद आहे, आणि संभोगासाठीचा शिवराळ शब्द आहे. लिहिताना फरक दिसतो: नामाचं पहिलं अक्षर मोठं, क्रियापदाचं लहान. बोलताना आवाज एकच. आर्टिकल असेल ('मिट डेन फ्योगल्न') तर गैरसमज होत नाही. पण इंग्रजी 'बर्डिंग'वरून स्वतःच क्रियापद बनवून 'रविवारी आम्ही फ्योगल्न' असं सांगाल तर अर्थ एकच निघतो. पक्षीनिरीक्षणाला 'फ्योगल बेओबाख्टन' म्हणा. नाम हवं असेल तर 'डी फोगलबेओबाख्टुंग'.

तपासणी: शब्द वहीत आर्टिकलसह उतरला का? अनेकवचन मोठ्याने म्हणून पाहिलं का? एकवचन आणि अनेकवचन दोन वेगळे ऐकू येत नसतील, तर ओठ गोल झालेले नाहीत.

## पायरी 4: जोडशब्द

नियम एकच, आणि तो मराठी समासाला जवळचा: शेवटचा घटक मुख्य, लिंगही त्याचंच. 'हाउस' नपुंसकलिंगी म्हणून 'डास फोगलहाउस'. 'शॉयशे' स्त्रीलिंगी म्हणून बुजगावणं 'डी फोगलशॉयशे'. स्थलांतरित पक्षी 'डेअर त्सूकफोगल', शिकारी पक्षी 'डेअर ग्रायफफोगल'. पुढेमागे केलं की अर्थ उलटतो: 'फोगलकेफिश' म्हणजे पक्ष्याचा पिंजरा, 'केफिशफोगल' म्हणजे पिंजऱ्यातला पक्षी. नेहमीच्या जोडशब्दांत मध्ये जोडअक्षर लागत नाही: फोगलनेस्ट, फोगलफुटर. 'फोगल्सनेस्ट' लिहू नका.

बर्ड फ्लूला बातम्यांत 'फोगलग्रिपे' म्हणतात, पशुवैद्यकीय सूचनांमध्ये 'गेफ्ल्यूगलपेस्ट'. दोन्ही वाचता यायला हवेत, कारण दुसरा शब्द शेताच्या फाटकावर लावलेल्या पाटीवर दिसतो.

'फोगल' शेवटी येऊन माणसाचं वर्णन करणारे शब्द वेगळे शिका:

- श्पासफोगल: मस्कऱ्या, आपुलकीने
- पारादीसफोगल: भडक, चारचौघांत उठून दिसणारं व्यक्तिमत्त्व
- गाल्गनफोगल: फासावर लटकवावा असा, जुन्या वळणाची निंदा
- पेशफोगल: ज्याच्या नशिबी नेहमी फजिती

'पेशफोगल'चं मराठी करताना 'पांढऱ्या पायाचा' लिहिलेलं पाहायला मिळतं. ते चूक आहे. पांढऱ्या पायाचा माणूस दुसऱ्याचं वाटोळं करतो अशी समजूत असते, पेशफोगल स्वतः सोसतो. त्याच्याबद्दल ऐकणाऱ्याला कीव वाटते. 'कमनशिबी' किंवा बोलीत 'बिचाऱ्याचं नशीबच खोटं' हे जवळचं. हे शब्द बाईबद्दलही पुल्लिंगीच राहतात: 'झी इस्ट आयन पेशफोगल'. 'आयने' लावायचा मोह टाळा.

## पायरी 5: वाक्प्रचार कोणत्या गटातला, ते ठरवा

प्रत्येक वाक्प्रचाराला एक प्रश्न विचारा: जर्मनमध्ये इथे पक्षी उरतो का?

### गट क: इंग्रजीत पक्षी, जर्मनमध्ये दुसरंच काही

एका दगडात दोन पक्षी मारणं: 'त्स्वाय फ्लीगन मिट आयनर क्लापे श्लागन'. शब्दशः, एका फटक्यात दोन माश्या. 'क्लापे' म्हणजे माश्या मारायचं पसरट फटकं. मराठी आणि इंग्रजी इथे हुबेहूब जुळतात, म्हणूनच मराठी माणूस बिनधास्त दगड आणि पक्षी लिहून टाकतो. दोन भाषा जुळल्या की तिसरीही जुळेल असं वाटतं, आणि फसायला होतं ते इथेच.

'बर्ड्स ऑफ अ फेदर' म्हणजे 'ग्लायश उंट ग्लायश गेझेल्ट झिश गेर्न', सारख्याला सारखा भेटतोच. आपलं 'एकाच माळेचे मणी' नेहमी टोचणारं असतं. जर्मन म्हण दोन चांगल्या मित्रांबद्दलही चालते.

'फॉर द बर्ड्स'च्या जवळ 'फ्यूर डी काट्स' येतं, म्हणजे मांजरासाठी. पण अर्थात फरक आहे: इंग्रजीत 'टाकाऊ', जर्मनमध्ये 'केलेलं सगळं पाण्यात गेलं'. मेहनत वाया गेली असेल तेव्हाच वापरा.

मुलांना लैंगिक शिक्षण देताना इंग्रजीत पक्षी आणि मधमाश्या येतात. जर्मनमध्ये 'बीन्शन उंट ब्ल्यूम्शन', मधमाश्या आणि फुलं.

कावळ्याच्या उडण्याने अंतर मोजायचं असेल तर 'लुफ्टलीनिए', हवाई रेषा: 'त्सेन किलोमेटर लुफ्टलीनिए'. कावळा येत नाही. याच्या उलट 'बर्ड्स आय व्ह्यू' मात्र 'आउस डेअर फोगलपेर्स्पेक्टीवे' होतो आणि पक्षी तसाच राहतो.

'अर्ली बर्ड' तीन ठिकाणी तीन शब्द घेतो. सवलतीला 'फ्र्यूबूखरराबाट'. पहाटे उठणाऱ्या माणसाला 'फ्र्यूआउफश्टेअर', बाईला 'फ्र्यूआउफश्टेअरिन', बोलताना 'लेर्शे' म्हणजे चंडोल. उपदेशाला 'मॉर्गनश्टुंट हाट गोल्ट इम मुंट'. 'डेअर फ्र्यूए फोगल फेंग्ट डेन वुर्म' हे शब्दशः रूपही आता चालतं आणि सगळ्यांना कळतं, पण सवलतीच्या जाहिरातीत किंवा नोकरीच्या पत्रात ते नको.

### गट ख: दोन्हीकडे पक्षी, पण वेगळा

'हातचं सोडून पळत्यापाठी' जाऊ नये, यासाठी 'लीबर डेन श्पात्स इन डेअर हांट आल्स डी टाउबे आउफ डेम डाख': छपरावरच्या कबुतरापेक्षा हातातली चिमणी बरी. इंग्रजीत एकच पक्षी, एक हातात आणि दोन झुडपात. जर्मनमध्ये दोन वेगळे पक्षी आहेत, आणि कबुतर हे अधिक मोलाचं मानलेलं आहे.

बातमी गावभर झाली असेल तर 'डास प्फायफन डी श्पात्सन फॉन डेन डेशर्न', छपरावरच्या चिमण्या शीळ घालून सांगताहेत. बातमी गुपचूप कोणीतरी सांगितली असेल तर 'आयन फ्योगेल्शन हाट मिर गेत्स्वित्शर्ट', एका पाखराने चिवचिवत सांगितलं. ही दोन्ही उलटसुलट होतात. पहिल्यात गुपित फुटलेलं असतं, दुसऱ्यात सांगणाऱ्याचं नाव झाकलेलं असतं.

माणूस पसार झाला की 'डेअर फोगल इस्ट आउसगेफ्लोगन'. आपलं 'पाखरू उडालं' इथे जसंच्या तसं बसतं.

### गट ग: फक्त जर्मनमध्ये

'फ्रिस, फोगल, ओडर श्टिर्प': खा पाखरा, नाहीतर मर. दुसरा पर्यायच ठेवलेला नाही अशा कडक अटीबद्दल बोलताना वापरतात. 'फोगल-श्ट्राउस-पोलिटीक' म्हणजे वाळूत डोकं खुपसून बसण्याचं धोरण.

> सावधान: 'फोगलफ्राय' म्हणजे पाखरासारखा मोकळा असं वाटतं. अर्थ जवळजवळ उलटा आहे: ज्याला कायद्याचं संरक्षण उरलेलं नाही, ज्याला कोणीही इजा करू शकतो असा. 1521 मध्ये वोर्म्सच्या आदेशाने धर्मसुधारक मार्टिन लूथरवर साम्राज्याची बहिष्कृती आली, तेव्हा त्याच्या स्थितीचं वर्णन याच शब्दाने करतात. मोकळेपणासाठी चार सुटे शब्द वापरा आणि मध्ये 'सारखा' आणा: 'फ्राय वी आयन फोगल'.

## पायरी 6: 'आयनन' की 'डेन', हे घट्ट करा

फोगलचे तीन वाक्प्रचार रोज कानावर पडतात आणि त्यांत आर्टिकलवर सगळं अवलंबून असतं. इथे घाई करू नका, तिन्ही वाक्यं वहीत लिहून मोठ्याने म्हणा.

1. 'आयनन फोगल हाबन'. डोकं ठिकाणावर नसणं. 'डू हास्ट आयनन फोगल' म्हणजे 'डोक्यावर पडलायस का?' इथे नेहमी 'आयनन'. हेच म्हणायला 'डू हास्ट आयने मायझे' आणि 'बाय डिर पीप्ट्स वोल' हेही आहेत.

आता ही अडचण पाहा. शेजाऱ्यांच्या घरातून किलबिल ऐकू येते, म्हणून जिन्यात विचारलं: 'हाबन झी आयनन फोगल?' व्याकरणात एकही चूक नाही, आदरार्थी सर्वनामही बरोबर. तरीही समोरच्याला ऐकू येतं, 'आपलं डोकं फिरलंय का?' पक्षी पाळण्याबद्दल विचारायचं असेल तर अनेकवचनात, 'हाल्टन झी फ्योगल?', किंवा जातीचं नाव घेऊन, 'हाबन झी आयनन वेलनझिटिश?' वेलनझिटिश म्हणजे बजरीगर, घरोघरी पाळला जाणारा तो छोटा पोपट.

2. 'येमांडम डेन फोगल त्सायगन'. तर्जनीने स्वतःच्या कपाळावर टकटक करून 'वेडा आहेस' असं दाखवणं. 'आयनन'ही चालतं. ज्याला दाखवायचं तो डाटीफमध्ये: 'एर हाट मिर डेन फोगल गेत्साय्क्ट'. इंग्रजीत 'पक्षी दाखवणं' म्हणजे मधलं बोट, आणि ते जर्मनमध्ये 'डेन श्टिंकेफिंगर त्सायगन'. दोन हावभाव वेगळे, दोन वाक्प्रचार वेगळे. अपघाताची तक्रार किंवा जबाब लिहिताना यांची अदलाबदल झाली तर सांगितलेली घटनाच बदलते.

> सावधान: गाडी चालवताना हा हावभाव करू नका. जर्मन दंड संहितेच्या कलम 185 खाली अपमान हा गुन्हा आहे, आणि समोरच्याने तक्रार केली तर रस्त्यावरचा फोगलही त्यात बसू शकतो. दंडाचं ठरावीक दरपत्रक नसतं. तो 'टागेसझात्स'मध्ये, म्हणजे उत्पन्नावरून काढलेल्या दिवसाच्या रकमेत मोजतात, सर्वसाधारणपणे 5 ते 360 दिवसांपर्यंत. त्यामुळे एकाच हावभावाला दोन माणसांचा दंड वेगळा पडतो.

3. 'डेन फोगल आप्शीसन'. सर्वांवर कडी करणं. नेमबाजीच्या जत्रेत खांबावरचा लाकडी पक्षी पाडणारा विजेता ठरतो, तिथून हे आलं. इथे फक्त 'डेन'. 'आयनन' म्हटलं तर खरंच कुठलासा पक्षी गोळी घालून पाडला असा अर्थ होतो. क्रियापद तुटतं: 'झी शीस्ट डेन फोगल आप', भूतकाळात 'झी हाट डेन फोगल आप्गेशॉसन'. शेवटचं 'आप' विसरलं की वाक्य अर्धवट राहतं. आज हे कौतुकाने जितकं म्हणतात तितकंच उपहासानेही: सगळ्यांत मोठा मूर्खपणा कोणी केला, तर 'त्याने'. आजूबाजूची वाक्यं वाचल्याशिवाय याचं मराठी करू नका. कौतुक असेल तर 'बाजी मारली', उपहास असेल तर 'कहर केला'.

तपासणी: तीन वाक्यं आर्टिकलशिवाय लिहा, वही बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी आर्टिकल भरा. 'हाबन'ला आयनन, 'त्सायगन'ला दोन्ही, 'आप्शीसन'ला डेन.

## पायरी 7: पक्ष्याचा स्वभाव त्यांच्याकडे काय आहे, ते पाहा

शब्द बरोबर असूनही उपमा फसते. मराठीत घुबड म्हणजे अपशकुनी किंवा मठ्ठ. जर्मनमध्ये 'ऑयले' शहाणपणाची खूण आहे, आणि 'नाख्टऑयले' म्हणजे रात्री उशिरापर्यंत जागणारा माणूस, त्यात निंदा नाही. मोर आपल्याकडे सौंदर्याचा, पण 'आयटल वी आयन प्फाउ' म्हणजे मोरासारखा गर्विष्ठ. नाचणाऱ्या मुलीला कौतुकाने मोर म्हणायला गेलात तर ती दुखावेल. 'गान्स' म्हणजे हंसाच्या कुळातली बदकासारखी पाळीव जात, आणि 'डुमे गान्स' ही बाईला दिलेली सरळ शिवी. उलट 'माइन श्पात्स' हे लाडाचं, आपल्या 'चिऊ'सारखं.

'राबनमुटर' म्हणजे मुलांकडे लक्ष न देणारी आई. नोकरी करणाऱ्या आयांवर हा शब्द फेकला जातो, आणि तो फार लागतो. अर्थ माहीत असावा, पण तो स्वतः वापरायची वेळ येऊ नये.

प्रदेशही बघा. ऑस्ट्रियात लहान पक्षी 'फोगेर्ल', आणि मेन्यूवरचं 'फोगेर्लझालाट' हे मांसाचं नाही, ती हिरव्या पानांची कोशिंबीर. जर्मनीत तीच भाजी 'फेल्टझालाट', स्वित्झर्लंडमध्ये 'न्यूस्लीझालाट'. शाकाहारी माणसाने नावाला घाबरून ती परत पाठवू नये.

## पायरी 8: उलटी तपासणी

तयार झालेलं जर्मन वाक्य घ्या, इंग्रजी न बघता त्याचं मराठी करा, आणि पायरी 1 मध्ये लिहिलेल्या ओळीशी जुळवा. मग वाक्प्रचार अवतरणचिन्हांत घालून डेव्हेडेएसच्या नमुना वाक्यांत शोधा. तिथे वर्तमानपत्रांतली आणि पुस्तकांतली खरी वाक्यं वर्षासह मिळतात. एकही वाक्य आलं नाही तर तुमची रचना बहुधा इंग्रजीची नक्कल आहे. सगळी वाक्यं शंभर वर्षांपूर्वीची असतील तर ती आज बोलू नका.

एक वाक्य पूर्ण चालवून पाहू. इंग्रजीत निरोप आहे: एका छोट्या पक्ष्याने सांगितलं की तू नोकरी सोडतोयस, मग शुक्रवारी भेटू, निरोपही होईल आणि पुस्तकंही परत देईन, एका दगडात दोन पक्षी.

मराठी अर्थ: 'कुठूनसं कळलं, तू सोडतोयस म्हणे. शुक्रवारी भेटू, दोन्ही कामं होतील.' खरा पक्षी एकही नाही, म्हणून सरळ पायरी 5. पहिला गट ख, नाव झाकलेली बातमी: 'मिर हाट आयन फ्योगेल्शन गेत्स्वित्शर्ट, दास डू क्युंडिग्स्ट'. 'फ्योगेल्शन' नपुंसकलिंगी, म्हणून 'आयन'. 'दास'नंतर क्रियापद शेवटी. दुसरा गट क: 'झो श्लागन विर त्स्वाय फ्लीगन मिट आयनर क्लापे'. 'क्लापे' स्त्रीलिंगी, 'मिट'नंतर डाटीफ, म्हणून 'आयनर'. शेरा: दोन्ही बोलीतले. सहकाऱ्याला चालतील. हाच मजकूर वरिष्ठांना पाठवायचा असेल तर पाखरू काढून 'इश हाबे गेह्योर्ट, दास झी क्युंडिगन' असं साधं लिहा. माश्यांचा वाक्प्रचार तिथेही ठेवता येतो.